खाली है, दीदी

डिस्क भरली असं कोणीही येऊन सांगितलं की दीदी मान वर न करता विचारायच्या, "कोन म्हणते?"

नवा माणूस गोंधळायचा. कोण म्हणतं म्हणजे काय, सॉफ्टवेअर म्हणतं, मोबाइलवर मेसेज आलाय. मग दीदींचा पुढचा प्रश्न, की सॉफ्टवेअर कोणाला विचारून म्हणतं? त्याने आत्ता पाहिलं, की सकाळी पाहिलेलं आत्ता सांगतंय? एवढ्यात समोरच्याचा चेहरा उतरायचा आणि तो खुर्ची ओढून बसायचा. दीदींना तेच हवं असायचं. उभा माणूस डिस्क भरल्याची बातमी देतो आणि बसलेला माणूस डिस्क पाहतो, असा त्यांचा अनुभव होता.

आमचं ऑफिस रायपूरला पंडरीत, कापडाच्या एका ठोक दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दुकानात कापडाच्या गाठी उतरायच्या आणि वर आम्ही लोकांच्या सर्व्हरवर नजर ठेवायचो. दवाखाने, शाळा, दोन-चार डाळ मिला. मशिनं त्यांच्याकडे आणि त्यांची खबरबात ठेवणारं सॉफ्टवेअर आमच्याकडे. एखाद्या मशिनची डिस्क भरत आली की ते सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज टाकायचं, त्याला अलर्ट म्हणायचे. दिवसभर अलर्ट यायचे आणि त्यातले निम्मे खोटे असतात यावर ऑफिसचं एकमत होतं. त्या एकमतात दीदी नव्हत्या.

"खोटं कोनी बोलत नाई," त्या म्हणायच्या. "ज्याले जेवढं दिसते, तेवढं तो सांगते. त्याले काय दिसून राहिलं ते पाय."

मी नवी लागले तेव्हा एका शाळेच्या सर्व्हरवरून रोज बोंब यायची की डिस्क शंभर टक्के भरली. शाळा तर मजेत चालू होती. ऑफिसातल्या दोघा-तिघांनी ठरवलं की या शाळेचे सगळेच अलर्ट बंद करून टाकू, कटकट जाईल. दीदींनी त्यांना चहाला पाठवलं आणि मला शेजारी बसवून शोधायला लावलं. निघालं काय, तर कोणीतरी त्या मशिनमध्ये एक सीडी घालून विसरलं होतं. सीडीत नव्याने काही मावत नाही, ती कायमची भरलेलीच दिसते, आणि आमचं सॉफ्टवेअर बिचारं तिलाही डिस्क समजून ओरडत होतं. लोणच्याची बरणी गळ्यापर्यंत भरली म्हणून घरात कोणी घाबरतं का, असं दीदींनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. मग बरणीवरची नजर काढ आणि बाकीच्या घरावर ठेव, म्हणाल्या. चहा पिऊन आलेल्यांना आयतं मिटलेलं भांडण मिळालं.

टक्क्यांवर त्यांचा भयंकर राग. नव्वद टक्के भरली म्हणजे किती जागा उरली ते सांग, असा हट्ट. मोठ्या डिस्कचे उरलेले दहा टक्के वर्षभर पुरतात आणि लहान डिस्कचे दुपारपर्यंत पुरत नाहीत, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं की आम्ही त्यांच्या मागे नक्कल करायचो. पण हा हट्ट ऑफिसपुरता राहता तर दीदी कसल्या. माझी आई एकदा ऑफिसात डबा द्यायला आली आणि खुशीत सांगून बसली, की हिचं लग्न नव्वद टक्के ठरलंय. दीदींनी चष्मा काढला. "उरलेले धा टक्के कोनाकडे हायेत?" आई माझ्याकडे बघायला लागली. ते दहा टक्के माझ्याकडेच होते, मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. ते लग्न झालं नाही. आई पुढे बरेच दिवस दीदींचं नाव काढलं की भांडी जोरात घासायची.

दिसायला दीदी ठेंगण्या, जाड भिंगांच्या, पन्नाशीच्या आसपास. सर्व्हरच्या खोलीत एसीचा गारठा असायचा म्हणून अंगात मरून रंगाचा स्वेटर. तो त्या काढायच्या विसरायच्या, आणि रायपूरच्या मे महिन्यात, जेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, तेव्हा स्वेटर घालून गोल बाजारात स्टीलचे डबे निवडत उभ्या राहायच्या. दुकानदाराने पाण्याचा ग्लास पुढे केला तर म्हणायच्या, मला कशाला, तूच पी, तुलाच घाम आलाय. एकदा मी धीर करून सांगितलं, दीदी, स्वेटर. त्यांनी स्वतःकडे बघितलं, म्हणाल्या, "हाये ना, कुठं गेला?" आणि पुढच्या दुकानाकडे वळल्या.

घराणं विदर्भातलं, वडील रेल्वेत होते, त्यांच्याबरोबर लहानपणीच इकडे आलेल्या. इकडची मराठी माणसं हळूहळू हिंदीत शिरतात. घरात आजीशी मराठी, भावाशी हिंदी, आणि मुलांना कळतं पण उत्तर हिंदीत येतं. दीदींनी ही वाट धरली नाही. समोर कोणीही असो, ज्याला मराठी कळतं त्याच्याशी मराठीच, आणि ते आमच्या नागपूर-वऱ्हाडकडचं, ठसक्याचं. समोरचा हिंदीत बोलला तर त्यांची ना नव्हती. मी माझ्या भाषेत विचारते, तू तुझ्या भाषेत सांग, काम झाल्याशी मतलब, असं त्यांचं म्हणणं. आमचे मालक, ज्यांना सगळे भैया म्हणायचे, ते नागपूरला शिकलेले, त्यांनाही मराठी समजायचं. तेव्हा भैया हिंदीत चिडायचे आणि दीदी मराठीत ऐकून घ्यायच्या. इतक्या वर्षांत या दोन भाषांत माझा एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही, असं त्या छातीठोकपणे सांगायच्या. दीदी सगळंच छातीठोकपणे सांगायच्या. "मला वाटतं" हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत.

आणि मग रक्तपेढीचं प्रकरण आलं.

शहरातली एक खासगी रक्तपेढी आमच्याकडे होती. कोणती पिशवी कोणत्या गटाची, तपासली की नाही, कोणाला दिली, ही सगळी नोंद तिथल्या सर्व्हरवर. डिस्क खरोखर भरली तर नोंद थांबणार, आणि नोंद नसलेली पिशवी कोणालाही देता येत नाही. त्या सर्व्हरवरून काही आठवडे सारखा अलर्ट येत होता, की डिस्क नव्वद टक्क्यांच्या वर भरली. आम्ही तिथल्या माणसाकडून सगळ्या फाइली मोजून घेतल्या. बेरीज अलर्ट सांगतो त्याच्या निम्मीही होईना. पुन्हा मोजल्या, तेवढीच. म्हणजे अलर्ट खोटा. हे मेसेज रक्तपेढीच्या माणसांनाही जायचे, ते दर वेळी घाबरून फोन करायचे, आणि त्यांचे मुख्य डॉक्टर या धावपळीला कंटाळले होते. त्यांनी बाहेरच्या एका कंपनीला बोलावलं. आपल्या कंपनीचं सॉफ्टवेअर कधी खोटा अलर्ट देत नाही, असं तिचे लोक सांगून गेले. आता डॉक्टर शेवटचं बोलायला आमच्या ऑफिसात येणार होते.

भैयांनी आम्हाला दोघींना बोलावून स्वच्छ सांगितलं. डॉक्टर यायच्या आधी तो अलर्ट बंद करा. रक्तपेढी गेली तर नजर ठेवायचं हे कामच परवडणार नाही, आणि हे काम म्हणजे दीदी आणि मी. भैया माणूस वाईट नव्हते, हे सांगताना ते आमच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते.

"अलर्ट बंद नाई होत, भैया," दीदी म्हणाल्या. "ते रक्त हाये, डाळ नाई."

त्यांच्या डोक्यात एक शंका होती, अर्थात त्या तिला शंका म्हणत नव्हत्या. त्या सर्व्हरवर बॅकअप नावाचा एक फोल्डर होता, आणि त्यावर बाहेरून एक वेगळी डिस्क जोडलेली असायची. रोजची प्रत त्या बाहेरच्या डिस्कवर पडायची. पण मध्ये कधी वीज गेली, मशिन पुन्हा चालू झालं आणि बाहेरची डिस्क जोडायची राहिली असेल तर? प्रत घेणारा प्रोग्रॅम तर थांबत नाही. तो त्याच फोल्डरात, म्हणजे मुख्य डिस्कवरच, प्रती टाकत राहणार. मग कोणीतरी बाहेरची डिस्क पुन्हा जोडणार, आणि त्या सगळ्या प्रती तिच्या आड जाणार. पलंगावर कपड्यांचा ढीग असताना वरून चादर अंथरावी तसं. फाइली मोजणाऱ्याला चादर दिसते, डिस्कला ढिगाचं वजन कळतं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते.

तो सर्व्हर बाहेरून उघडता यायचा नाही, तिथे जाऊनच पाहावं लागे. तिथे आमच्या ऑफिसचे प्रशांत भैया बसायचे. जन्म रायपूरचा, मराठी घरातले, दोन मुलींचे बाप, कामाला चोख, मराठी समजायचं पण तोंडून हिंदीच यायची. डॉक्टर जिना चढत होते तेव्हा दीदींनी प्रशांत भैयांना फोन लावला. मी शेजारीच होते, फोन स्पीकरवर होता. त्यांनी आधी बॅकअपचा फोल्डर उघडायला लावला. मग म्हणाल्या, "आता खाली पाय बरं. हाये का?"

तिकडे कीबोर्ड वाजला. मग प्रशांत भैया म्हणाले, "हव दीदी, खाली है."

"कितीक हाये?"

"आधे से ज्यादा."

दीदींनी माझ्याकडे असं बघितलं की मला कळलं, आपली नोकरी वाचली. हिशोबात नेमकं अर्ध्याहून जास्तच गहाळ होतं आणि उत्तरही तेच आलं. हात नको लावूस, उद्या मी येते, असं सांगून त्यांनी फोन ठेवला आणि भैयांच्या केबिनमध्ये गेल्या. मीही मागून.

डॉक्टर उंच, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांच्याशी दीदी हिंदीत बोलल्या. अलर्ट खरा होता, सापडलं, मुख्य डिस्कवरचा ढीग आड दबून पडलाय, उद्या साफ होईल. डॉक्टरांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"आपने देख लिया?"

"देख लिया," दीदी म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान हलवली, बाहेरच्या कंपनीला नाही म्हणून कळवतो म्हणाले आणि गेले. भैयांनी खालच्या दुकानातल्या लोकांनासुद्धा समोसे वाटले.

दुसऱ्या दिवशी मी दीदींना माझ्या स्कूटीवर रक्तपेढीत घेऊन गेले. अलर्ट येतच होता. सर्व्हरच्या खोलीत प्रशांत भैया उठून उभे राहिले, नमस्ते दीदी वगैरे झालं, आणि दीदी म्हणाल्या, दाखव कुठे आहे. प्रशांत भैयांनी बाहेरच्या डिस्कचा आकडा दाखवला. "ये देखिए. इतना खाली है."

तो मोकळ्या जागेचा आकडा होता.

मला समजायला एक क्षण लागला आणि मग मी भिंतीला टेकून हसत सुटले. दीदींनी मराठीतलं खाली विचारलं होतं, तळाशी, आड. प्रशांत भैयांनी हिंदीतलं खाली ऐकलं, रिकामं. त्यांनी बघितलं, बॅकअपच्या डिस्कवर अर्ध्याहून जास्त जागा रिकामी होती, तसं सांगितलं. त्यांचं उत्तर दीदींनी परत मराठीत ऐकलं. घरात आजीशी मराठी आणि भावाशी हिंदी बोलणाऱ्या आमच्यासारख्यांच्या नशिबातच ही चूक लिहिलेली. प्रशांत भैयांनाही उलगडा झाला, तेही हसायला लागले. दीदी हसल्या नाहीत. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सरका बरं."

त्यांनी बाहेरची डिस्क रीतसर सोडवली. चादर निघाली, आणि फोल्डरात सगळा ढीग होता. वीज गेली होती त्या दिवसांच्या प्रती, एकावर एक, मुख्य डिस्कवर. दीदींनी सांगितलं होतं अगदी तसंच. त्यांनी त्या प्रती नीट तपासल्या, दुसरीकडे उतरवल्या, उतरलेल्या पुन्हा ताडून पाहिल्या, मग इथून काढल्या आणि डिस्क जागेवर जोडली. थोड्या वेळात अलर्ट आपोआप थांबला. कोणी बंद केला नव्हता.

मी भैयांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, दीदींना दे. मला वाटलं कौतुक करतील, आणि त्यांनी केलंही, भरभरून. पण दीदी मध्येच त्यांना सांगू लागल्या की आता मी वर डॉक्टरांकडे जाऊन येते, काल मी न पाहता पाहिलं म्हणाले ते सांगून येते. पलीकडे भैयांचा आवाज चढलेला मला ऐकू येत होता. दीदी, तुम्ही बरोबर होता, सगळं तसंच निघालं, आता सांगायचं काय राहिलं, बाहेरची कंपनी अजून गावातच आहे.

"निघालं खरं, भैया," दीदी म्हणाल्या. "पन मी सांगतलं तवा मले माहीत नव्हतं."

फोन ठेवला. जिन्यात मी त्यांचा स्वेटर धरला. माझ्या घरी बाबा नुकतेच रिटायर झाले होते, माझ्या पगाराची गरज होती, हे दीदींना माहीत होतं. "दीदी, काहून सांगता? आता तर पाहिलं ना."

"त्यानं काल विचारलं होतं," त्या म्हणाल्या आणि चढत राहिल्या. मला त्यांचा राग आला, खरंच आला. एवढ्याशा शब्दासाठी आम्हा दोघींची नोकरी टेबलावर ठेवायला निघाल्या होत्या.

डॉक्टरांच्या टेबलावर बाहेरच्या कंपनीची गुळगुळीत फाइल अजून पडलेली होती. दीदींनी उभ्यानेच सगळं सांगितलं. फोनवर काय विचारलं, काय ऐकलं, खालीचं खाली कसं झालं, आणि आज काय पाहिलं. हसण्यासारखी गोष्ट होती, पण डॉक्टर हसले नाहीत. हातातलं पेन त्यांनी खाली ठेवलं.

"और कौन-कौन सी बात आपने बिना देखे बताई है?"

कोणीही हात जोडून म्हणालं असतं, नाही डॉक्टर साहब, एवढी एकच. मीही मनातल्या मनात दीदींच्या वतीने तेच म्हणत होते. दीदींनी मात्र समोरची खुर्ची ओढली, बसल्या, आणि छताकडे बघू लागल्या.

"याद कर रही हूँ," त्या म्हणाल्या.

आणि त्या खरंच आठवत होत्या. डॉक्टर वाट बघत होते. बाहेर कोणाला तरी रक्त हवं होतं, एक बाई काउंटरवर गट सांगत होती, तो मला स्पष्ट ऐकू आला. बऱ्याच वेळाने दीदी म्हणाल्या की एक आहे. मागे त्यांनी कळवलं होतं की वीज गेल्यावर सर्व्हर चालू ठेवणारी बॅटरी जुनी होऊन दगा द्यायची, ती काढून नवी बसवली. ती त्यांनी पाहिली नव्हती, बसवणाऱ्याने फोनवर सांगितलं होतं.

"बस?"

"बस. बाकी सब देखा हुआ है."

डॉक्टर उठले. मला वाटलं, आता आम्हाला दार दाखवणार. ते म्हणाले, "चलिए, बैटरी देखते हैं."

आम्ही तिघं परत सर्व्हरच्या खोलीत आलो. बॅटरी कोपऱ्यात, एका टेबलाच्या पायाशी, धुळीत. दीदी गुडघे टेकून वाकल्या, मोबाइलचा उजेड पाडला, तिच्यावरच्या चिठ्ठीवरची तारीख जवळून वाचली, कान लावून आवाज ऐकला. "नई है," त्या म्हणाल्या, आणि डॉक्टरांना बघता यावं म्हणून बाजूला सरकल्या.

डॉक्टर वाकले नाहीत.

"आपने देख लिया ना," ते म्हणाले. तिथूनच त्यांनी भैयांना फोन लावला, की काम तुमच्याकडेच राहील, आणि वर निघून गेले.

मला रडू फुटलं, अगदी हुंदके देऊन. दीदी अजून जमिनीवरच होत्या, हाताची धूळ झटकत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा एकदा टेबलाखाली वाकून बघितलं.

"काहून रडून राहिली व? नवीच हाये ना बॅटरी."